पाठीला पाठ

१

तुम्ही नाणं उलटवता ते कसं उलटवता, कधी लक्ष दिलंय? पुस्तकाचं पान उलटावं तसं कडेने, की भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान वर करावं तसं? नाही ना सांगता येत? कुणालाच येत नाही. हात आपला उलटवतो, आपण बघतो आणि विसरून जातो. ठसेबाईलाही सांगता आलं नसतं, आणि तिचं तर पोटच या कामावर होतं.

ठसेबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण वस्तुसंग्रहालयात साहेबांपासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळे तिला तेच म्हणायचे. जुनी नाणी कुणाच्याही हातात द्यायची सोय नसते, म्हणून त्यांचे प्लॅस्टरचे ठसे काढून ठेवायचे, हे तिचं काम. मेणमातीचा मऊ गोळा घ्यायचा, त्यावर पावडर भुरभुरायची, नाणं दाबायचं आणि अलगद उचलायचं. मागे खळगा राहतो. त्यात दुधासारखं पातळ प्लॅस्टर ओतायचं आणि बुडबुडे वर यावेत म्हणून टेबलावर बोटाने टकटक करायची. तिची आपली एक लय होती. तीन टकटकी, थोडं थांबून आणखी दोन. तासाभराने पांढरीशुभ्र चकती सुटून यायची. एका नाण्याच्या दोन चकत्या, दोन बाजूंच्या. चकती उलटवायची, पाठीवर पेन्सिलीने नाण्याचा क्रमांक घालायचा, की झालं.

हे काम तिला साचेकाकांनी शिकवलं. ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. माणूस मायाळू, पण त्यांचे दोन हट्ट होते. एक म्हणजे प्रत्येक चकतीच्या पाठीवर क्रमांकाशेजारी छोटा बाण काढायचा, वरची बाजू कुठली ते दाखवणारा. दुसरा म्हणजे एका नाण्याच्या दोन्ही चकत्या कधी एका टेबलावर ठेवायच्या नाहीत. पुढच्या बाजू या खोलीतल्या कपाटात, मागच्या बाजू वऱ्हांड्यापलीकडच्या खोलीतल्या कपाटात.

“पण काका, का?” तिने एकदा विचारलं होतं.

“ओलं असताना तर मुळीच ठेवायचं नाही,” काका म्हणाले, आणि चहाचा कप धुवायला निघून गेले.

काका निवृत्त झाल्यावर बाण काढणं तिने सोडून दिलं. चित्र समोर दिसतंय, वर काय नि खाली काय ते आंधळ्यालाही कळेल. मग बाण कशाला?

२

घरात ती एकटीच. तिचा भाऊ, ज्याला ती धाकटाच म्हणायची, मालवाहू जहाजावर यंत्रखात्यात होता. तिच्याहून चौदा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो जेमतेम तीन वर्षांचा होता, तेव्हापासून तो तिच्याच कडेवर वाढला. पुढे तिचं लग्नाचं वय आलं आणि गेलं, तेव्हाही तो तिच्या कडेवरून पुरता उतरलेला नव्हता असं नातेवाईक म्हणायचे. ती हसून सोडून द्यायची.

लहानपणी त्याचा एक खेळ ठरलेला. खाट म्हणजे जहाज, फरशी म्हणजे पाणी. तो बापाची मोठी टोपी घालून खाटेच्या टोकाला उभा राहायचा. टोपी डोळ्यांवर घसरायची, म्हणून एक हात कायम डोक्यावर आणि दुसरा हात हलवायला मोकळा. ताईने दारात उभं राहायचं.

“तू जमीन हो,” तो सांगायचा. “आणि हलू नको हां. जमीन हलत नसते.”

ती तासन् तास जमीन व्हायची. स्वयंपाक करपला तरी.

आता तो एकतीस वर्षांचा होता, पण खेळ सुटला नव्हता. रोज सकाळी सातला जहाजावरून फोन यायचा. बोलायला तीन-चार मिनिटं मिळायची, त्यातलं पहिलं अर्धं मिनिट ठरलेलं.

“जमीन जागेवर आहे का?”

“आहे आहे. पाणी?”

“पाणी पण जागेवर. बोल, काय म्हणतेस?”

ही त्याची शेवटची फेरी होती. थोड्याच दिवसांनी तो उतरणार होता, कायमचा. गावातल्याच पंपांच्या कारखान्यात नोकरी ठरली होती. ठसेबाईने त्याच्या खोलीला रंग लावून घेतला होता. नवी खाट आली होती. ती मुद्दाम भिंतीला लावून ठेवली नव्हती, मधोमध ठेवली होती. एवढा बाप्या झालाय, पण सांगता येतंय का, म्हणून.

३

त्या सुमारास विभागात चाळीस नाणी आली. चांदीची, अंगठ्याच्या नखाहून जरा मोठी, दोन हजार वर्षांपूर्वीची. विहीर खणताना एका मडक्यात सापडलेली. सगळ्यांवर चित्र एकच. एका बाजूला जहाज, तोंड उजवीकडे. एक डोलकाठी, गुंडाळलेलं शीड, पाण्यात टेकलेली सात वल्ही. माणूस एकही नाही. दुसऱ्या बाजूला समुद्रातला कुठलासा प्राणी, तोंड डावीकडे. माशाची वेटोळी शेपूट, लांब मान आणि घट्ट मिटलेलं तोंड. दोन्ही बाजूंना कडेने मण्यांसारखे ठिपके. प्राणी कुठला ते साहेबांनाही सांगता येईना, म्हणून नोंदीत नुसतं ‘जलचर’ लिहिलं होतं.

“डोकं घोड्याचं आहे असं एकजण म्हणतो, दुसरा म्हणतो कुत्र्याचं,” साहेब भिंग लावून म्हणाले. “मला विचाराल तर आमच्या मेहुण्याचं आहे. तोही असाच तोंड मिटून बसतो, आणि जेवायला वाढलं की मग बघा.”

मग ते जरा गंभीर झाले. “पण एक मजा आहे, ठसेबाई. तेव्हा नाणी हातोड्याने ठोकायचे. शिक्का जसा हाताला येईल तसा. दहा नाणी घेतलीत तर मागचं चित्र दहा तऱ्हांनी फिरलेलं मिळतं. ही चाळीसच्या चाळीस एकसारखी आहेत. कॅलेंडरसारखं उलटवा, प्राणी सरळ दिसतो. पानासारखं उलटवा, प्राणी उलटा, पोट वर. एकही चुकलेलं नाही. म्हणजे ठोकणारा दर वेळी थांबून, बघून ठोकत होता.”

“कशासाठी?”

“ते त्याला माहीत. बरं, पुस्तकासाठी फोटो काढायचेत. एका कार्डावर एक जोडी लावा. जहाज डावीकडे, प्राणी उजवीकडे.”

“साहेब, काका कधी दोन्ही बाजू एकत्र ठेवत नसत.”

“काकांकडे कपाटं जास्त होती. आपल्याकडे दिवस कमी आहेत. मंगळवारपर्यंत द्या.”

तिने दिल्या. एकोणचाळीस जोड्या सुकलेल्या होत्या. चाळिसावी मात्र मंगळवारी दुपारीच साच्यातून निघाली आणि चारला फोटो होते. चकत्या हाताला गार लागत होत्या, अजून ओल होती. तिने त्या तशाच थोड्याशा मेणावर कार्डावर बसवल्या. मध्ये बोटभर जागा.

टेबल आवरताना तिचं लक्ष गेलं. नाण्यावर ही दोघं पाठीला पाठ लावून असतात, एकमेकांना कधीच दिसत नाहीत. कार्डावर जहाजाचं तोंड उजवीकडे आणि त्याचं डावीकडे. दोन हजार वर्षांत पहिल्यांदा ती समोरासमोर आली होती.

“घ्या, ओळख करून घ्या,” ती हसून म्हणाली आणि तिने दिवा मालवला.

४

बुधवारी सकाळी चाळिसाव्या कार्डावर ओल दिसली. चकतीखाली असती तर नवल नव्हतं, प्लॅस्टर ओलंच होतं. पण ही ओल उजव्या चकतीखालून निघून डावीकडे सरकली होती. बोटाएवढी रुंद पट्टी, गोगलगाय गेल्यासारखी. मधल्या जागेच्या निम्म्यापर्यंत येऊन थांबलेली.

तिने भिंग घेतलं. जलचराचं तोंड किंचित उघडं होतं.

आता प्लॅस्टर म्हटलं की बुडबुडा येतोच. तो ओठावर फुटला की फट पडते. तिने स्वतःला हे समजावलं आणि तरीही मूळ नाणं मागून घेतलं. नाण्यावर तोंड मिटलेलं होतं. तिने साहेबांना दोन्ही दाखवलं.

“ठसा छान उठलाय की,” साहेब म्हणाले.

“तोंड उघडलंय, साहेब.”

“अहो, दोन हजार वर्षं मिटून बसला होता बिचारा. घेऊ द्या की जरा श्वास.” मग तिचा चेहरा बघून म्हणाले, “बुडबुडा असेल. नवीन काढा सोमवारी. मी उद्यापासून परगावी आहे, नाणी तिजोरीत आणि किल्ली माझ्याबरोबर. तोवर चष्म्याचा नंबर तपासून घ्या.”

तिने खरंच मधल्या सुट्टीत जाऊन चष्मा तपासून घेतला. नंबर तोच होता.

५

“जमीन जागेवर आहे का?”

“आहे आहे. पाणी?”

गुरुवारी धाकट्याने उत्तर घाईने उरकलं. “पाणी पण. ताई, तुला एक गंमत सांगू? कालपासून आमच्या खालून कुणीतरी दार वाजवतंय.”

“खालून म्हणजे?”

“तळातून. मोठे साहेब म्हणतात, पाइपात हवा अडकलीय. मी सगळे पाइप धुंडाळले. हवाबिवा काही नाही. आणि हवा अशी मोजून वाजवते का?”

“कशी मोजून?”

“थांब.” त्याने फोनवरच नखाने वाजवून दाखवलं. तीन टकटकी. थोडं थांबून आणखी दोन.

ठसेबाईच्या हातात पाण्याचा पेला होता. तो तिने खाली ठेवला. ठेवताना आवाज होऊ नये एवढी काळजी तिने का घेतली, ते तिचं तिलाच कळलं नाही.

“ताई? गेलीस का?”

“इथेच आहे. तू... तू कठड्याजवळ जात जाऊ नकोस.”

“अगं, मी यंत्रखात्यात आहे. मला कठडा दिसायला चार जिने चढावे लागतात,” तो हसला. “नऊ दिवस राहिले. रंग कुठला दिलास सांग ना.”

“आलास की बघ.”

संग्रहालयात पोचल्यावर तिने पिशवीही खाली ठेवली नाही, सरळ कार्ड उचललं. ओलीची पट्टी जहाजाच्या कडेला जाऊन टेकली होती. सातही वल्ही पाण्याबाहेर होती. कुणीतरी एकदम उचलल्यासारखी, वाकडीतिकडी. आणि जहाजाच्या मागच्या टोकाला, जिथे काल काही नव्हतं, तिथे मोहरीएवढा एक उंचवटा होता. तिने भिंग जवळ नेलं, दूर नेलं, परत जवळ नेलं. माणूस होता. एक हात वर केलेला. दुसरा डोक्यावर.

तिने दोन्ही चकत्या मेणावरून उचकटल्या. जहाजाची या खोलीतल्या कपाटात ठेवली. दुसरी वऱ्हांडा ओलांडून पलीकडच्या खोलीत नेली, खालच्या खणात घातली आणि कुलूप लावलं. बाकीच्या एकोणचाळीस जोड्याही तिने तशाच दोन खोल्यांत वाटल्या. काकांसारख्या. तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला. बुडबुडे, ओल, म्हातारे होत चाललेले डोळे, तिने एकेक कारण मनात नीट लावून ठेवलं.

शुक्रवारी ती आली तर सफाईवाली मावशी वऱ्हांड्यात कमरेवर हात ठेवून उभी होती.

“बाई, टाकी गळते का हो वरची? तीनदा पुसलं मी. पुसते नि मागे वळते, तर परत ओलं. आणि छत तर कोरडं!”

वऱ्हांड्याच्या फरशीवर ओलीची पट्टी होती. आता वीतभर रुंद. पलीकडच्या खोलीच्या दारातून निघालेली, आणि या खोलीच्या उंबऱ्यापासून दोन फरशांवर थांबलेली.

“आणि वास कसला हा?” मावशी नाक मुरडून म्हणाली. “मिठाचा असल्यासारखा.”

त्या सकाळी धाकट्याचा फोन अर्ध्या मिनिटातच तुटला होता. “जमीन जागेवर आहे का” एवढं झालं, मग तो म्हणाला, “ताई, आता वरपर्यंत ऐकू येतंय,” आणि पुढे नुसती खरखर.

६

साचेकाका मुलीकडे राहत होते, संग्रहालयापासून तीन थांबे पुढे. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. खिडक्या बंद. भिंतीवर एका तरुण मुलाचा फोटो होता, केस ओले, खांद्यावर टॉवेल, हसरा. ती इतक्या वेळा आली होती, पण तो कोण हे तिने कधी विचारलं नव्हतं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. 

“ओलं कितवं ठेवलंस?”

“शेवटचं. चाळिसावं.”

“घरातलं कोणी पाण्यावर आहे का तुझ्या?”

तिने होकारार्थी मान हलवली. काकांनी डोळे मिटून घेतले.

“वेगळं करून आता उपयोग नाही, पोरी. एकदा पाहिलंय त्याने. मीही वेगळंच केलं होतं तेव्हा.” ते फोटोकडे न बघता बोलत होते. “माझा थोरला पोहायला जायचा रोज. तळं हे एवढंसं. कमरेएवढं पाणी.”

आतून मुलीने विचारलं, “बाबा, चहा टाकू का दोघांना?” 

“मग आता काय करू, काका?”

“नाण्यात असतात तसे कर. पाठीला पाठ लावून चिकटव. सगळे. आणि नाण्यात फिरलेले असतात तसेच फिरवून. डोलकाठीचं टोक जिथे, तिथे मागे त्याचं पोट आलं पाहिजे. म्हणजे जहाज एकीकडे जातं आणि तो दुसरीकडे. सरळ लावलंस तर...” त्यांनी दोन्ही पंजे पाठीला पाठ धरून दाखवले. दोन्हींची बोटं एकाच दिशेला. “तर तो जहाजाच्या मागोमागच जातो. तोंड न दाखवता.”

ती उठली. दारापर्यंत गेल्यावर काकांनी विचारलं, “बाण काढलेस ना गं चकत्यांवर?”

“चित्र दिसतं की, काका,” ती म्हणाली.



७

शनिवारी अर्धा दिवस असतो. एक वाजता सगळे गेले आणि ती टेबलाशी बसली. खिडकीतून दुपारचं स्वच्छ ऊन आत येत होतं. समोरच्या रस्त्यावर कुणीतरी लोखंडी शटर ओढलं. असल्या उजेडात भ्यायचं म्हणजे लाज वाटावी.

सकाळी सातला फोन आला नव्हता.

तिने एकोणचाळीस जोड्या आधी घेतल्या. हात बसावा म्हणून, आणि खरं सांगायचं तर चाळिसाव्या खणाचं कुलूप काढायला लागू नये म्हणून. जहाज पालथं ठेवायचं, पाठीला गोंद लावायचा, जलचर फिरवून बसवायचा, डोलकाठीचं टोक आणि पोट जुळतंय ना ते बघायचं, दाबायचं. काकांचा हा गोंद चिवट, पाच मिनिटांत दगड होतो. पाठीला पाठ टेकली, की पेन्सिलीचे क्रमांक आत झाकले जात. चार वाजेपर्यंत एकोणचाळीस जाड पांढरी नाणी टेबलावर रांगेने उभी राहिली.

मग ती किल्ली घेऊन उठली.

या खोलीतली जहाजाची चकती तशीच होती. वल्ही वर. तो माणूस तसाच, एक हात डोक्यावर. फक्त जहाज आता चकतीच्या उजव्या कडेला जाऊन ठेपलं होतं, मण्यांच्या कुंपणाशी. पुढे जायला जागा नव्हती.

वऱ्हांड्यातली ओल तिने ओलांडली. पाय मुद्दाम मोठा टाकला. खण उघडायला जड गेला, लाकूड फुगलं होतं. आत गोल, पांढरी, गार चकती होती. तिने ती उजेडात धरली.

कडेचे मणी होते. मध्ये काही नव्हतं. शेपूट नाही, मान नाही, तोंड नाही. गुळगुळीत, ओलसर प्लॅस्टर, पाणी ओसरून गेलेल्या वाळूसारखं.

तिने खण चाचपला. मग वेडगळासारखं खणाच्या खाली बघितलं, कपाटामागे बघितलं. मग दार लावायला गेली. पण आतून लावावं की बाहेरून हे तिला सुचेना.

टेबलाशी परत आल्यावर तिने गोंद हातात घेतला, आणि तेव्हा तिला कळलं. चित्र नाही. वर कुठलं नि खाली कुठलं?

तिने चकती उलटवली. पाठीवर तिच्याच अक्षरात ४० लिहिलं होतं. क्षणभर तिला हायसं वाटलं. क्रमांक सरळ दिसतो ती वरची बाजू! आणि मग तिचा हात हवेतच थांबला. तिने क्रमांक घातला तेव्हा चकती उलटवली होती कशी? पानासारखी उलटवली असेल तर क्रमांकाची वरची बाजू तीच त्याची वरची बाजू. कॅलेंडरसारखी उलटवली असेल तर बरोबर उलट.

तिने वाया गेलेली दुसरीच एक चकती घेऊन उलटवून पाहिली. पानासारखी. परत उलटवली. आता कॅलेंडरसारखी. हाताकडे लक्ष ठेवून बघू लागलं की तो खोटं बोलतो. पण याच नाण्यांच्या बाकीच्या चकत्यांवरून आपली सवय कळेल, हे तिला सुचलं, आणि लगेच हेही आठवलं की ते सगळे क्रमांक आपण आत्ताच आत झाकून टाकलेत.

तिने सुरी आणली. पहिली जोडी उचकटताना जहाज फुटलं, पण जलचराच्या पाठीवरचा क्रमांक वाचता आला. पानासारखी उलटवलेली होती. तिचा श्वास मोकळा झाला. खात्री करावी म्हणून तिने दुसरी उचकटली. कॅलेंडरसारखी. तिसरी तर अशी फुटली की क्रमांकच सापडेना.

एक छोटासा बाण. पेन्सिलीची एक रेघ आणि दोन तिरक्या. काढायला श्वासभर वेळ लागला असता.

तेवढ्यात टेबल वाजलं. तिचे दोन्ही हात वर होते, तिने बघितलं ते. टेबल खालून वाजलं. तीन टकटकी. थोडं थांबून आणखी दोन. प्लॅस्टरची पूड फळीवर नाचली आणि स्थिर झाली.

ती खाली वाकली नाही. खाली बघायचं नाही एवढं एकच तिला ठाम कळत होतं. वऱ्हांड्याच्या दाराखालून ओल आत आली होती. टेबलाच्या पुढच्या पायापर्यंत फरशी काळी पडली होती.

तिने जहाजाची चकती पालथी ठेवली. ठेवता ठेवता त्या मोहरीएवढ्या माणसावरून एकदा अंगठा फिरवला. गोंद लावला. जलचराची कोरी चकती उचलली, एकदा फिरवली, परत फिरवली, आणि डोळे मिटून, धाकट्याचं नाव घेऊन बसवली. दाबून धरली. मनात तीनशे आकडे मोजले.

डोळे उघडले तेव्हा ऊन तसंच होतं. टकटक थांबली होती. फरशीवरची ओल कडेकडेने सुकत चालली होती, तिच्या देखत, जशी कुठलीही ओल सुकते. तिला रडूच आलं. पदराने डोळे पुसत ती तिथेच बसून राहिली. लागलं, बरोबर लागलं, असं ती स्वतःशी मोठ्याने म्हणाली. रिकाम्या खोलीत तो आवाज तिला फार बरा वाटला.

घरी जाताना ती ते जाड पांढरं नाणं रुमालात बांधून घेऊन गेली. तिथे एकटं ठेवायचा धीर झाला नाही. संध्याकाळभर ती धाकट्याच्या खोलीच्या दारात उभी होती. मधोमध ठेवलेल्या खाटेकडे बघत. हलली नाही.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर सात वाजता फोन वाजला. धाकट्याचाच नंबर होता. तिने घाईघाईने उचलला. आधी नुसतं पाणी ऐकू आलं.  मग धाकट्याच्याच आवाजात, पण एकेक अक्षर नव्याने शिकल्यासारखं, कुणीतरी विचारलं, “जमीन कुठे आहे?”